झेलमच्या तीरावर

प्रस्तावना

हिंदी भाषक प्रदेशात राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर ‘जो जीता वही सिकंदर’ ही म्हण वारंवार पडते. भिलाई-दुर्ग परिसरात तर ती बाजारात, खेळाच्या मैदानावर, निवडणुकीच्या गप्पांत सहज उच्चारली जाते. बोलणाऱ्याच्या मनात त्या वेळी मॅसिडोनियाचा राजा नसतो. जिंकला तो सिकंदर, इतकाच अर्थ त्याला अभिप्रेत असतो. परंतु हा सिकंदर भारतात कोठपर्यंत आला, त्याला कोणी अडविले आणि तो परत का फिरला, असे विचारले तर बहुतेकांजवळ पोरस राजाच्या बाणेदार उत्तराची एक गोष्ट तेवढी असते.

दुर्गजवळून वाहणाऱ्या शिवनाथ नदीपर्यंत ग्रीक सेना कधीच पोहोचली नाही. पंजाबातील बियास ही तिची पूर्वेकडील अखेरची नदी ठरली. प्रस्तुत पाठात आपण इ.स.पू. ३२७ ते ३२५ या काळातील त्या स्वारीची हकीकत वाचणार आहोत. ती वाचताना एक अडचण सतत समोर येईल. ज्यांच्यावर स्वारी झाली त्यांनी लिहिलेला एकही वृत्तांत आपल्या हाती नाही. जे लेखन आहे ते सारे स्वारी करणाऱ्यांच्या बाजूचे आहे. अशा एकतर्फी लेखनातून हरलेल्या माणसांची ओळख करून घेता येते का, हा या पाठातील मुख्य प्रश्न होय.

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण स्वारीचा क्रम सांगू शकाल, एकाच घटनेच्या निरनिराळ्या वृत्तांतांतील फरक दाखवू शकाल आणि मराठीत रुळलेल्या काही ग्रीक शब्दांचा प्रवास समजावून देऊ शकाल.

साधनांचा विचार

सिकंदराबरोबर आलेल्या टॉलेमी, ॲरिस्टोब्युलस, निआर्कस, ओनेसिक्रिटस यांनी आपापल्या आठवणी लिहिल्या होत्या. ते मूळ ग्रंथ नष्ट झाले. त्यांच्या आधारे पुढील काळात डायोडोरस, कर्टियस, प्लुटार्क आणि एरियन यांनी लिहिलेले इतिहास व चरित्रे आज उपलब्ध आहेत. यांतील एरियन हा सर्वांत विश्वसनीय मानला जातो; पण तो इ.स.च्या दुसऱ्या शतकातला. त्याच्या आणि झेलमच्या लढाईच्या मध्ये जवळजवळ साडेचारशे वर्षे गेली होती. शिवराज्याभिषेक १६७४ मध्ये झाला, त्याला आज सुमारे साडेतीनशे वर्षे होतात. यावरून हे अंतर किती मोठे आहे याची कल्पना यावी.

भारतीय बाजूला पुराणे आहेत, बौद्ध आणि जैन ग्रंथ आहेत, व्याकरणाची परंपरा आहे. पण त्यांपैकी कोणीही या स्वारीचे वर्णन केलेले नाही. ‘पोरस’ हे नावदेखील आपल्याला ग्रीकांकडूनच मिळाले आहे. ते पौरव या कुलनामाचे ग्रीक रूप असावे, असे अभ्यासक मानतात. त्या राजाचे स्वतःचे नाव काय होते, ते इतिहासाने राखून ठेवले नाही.

घटनेच्या अगदी जवळची म्हणता येईल अशी एक वस्तू मात्र उपलब्ध आहे. चांदीच्या काही दुर्मिळ पदकांवर एका बाजूस घोडेस्वार हत्तीच्या पाठीस लागलेला दाखविला आहे; हत्तीवर दोन माणसे आहेत. दुसऱ्या बाजूस हातात वज्र धरलेला सिकंदर उभा आहे आणि विजयदेवता त्याला मुकुट घालीत आहे. हीही जिंकणाऱ्याचीच साक्ष. तथापि, पदक पाडणाऱ्याला विजयाची खूण म्हणून हत्तीच हवा होता, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

सिंधूच्या अलीकडे-पलीकडे

इराणचे अफाट साम्राज्य जिंकून इ.स.पू. ३२७ मध्ये सिकंदराने हिंदुकुश ओलांडला. त्या काळी पंजाब व त्याच्या आसपासचा प्रदेश एका सत्तेखाली नव्हता. कोठे राजे होते, कोठे गणराज्ये होती, कोठे डोंगरी जमाती होत्या. त्यांच्या आपसांतील वैरांची माहिती सिकंदराला सिंधू ओलांडण्यापूर्वीच मिळाली होती. ती देणारे लोक इथलेच होते.

तक्षशिलेचा राजा आंभी याचे झेलमपलीकडील पोरसाशी आणि डोंगरातील अभिसारांच्या राजाशी शत्रुत्व होते. त्याने सिकंदराकडे आधीच दूत पाठवून मैत्री जोडली आणि सैन्य, हत्ती, बैल, मेंढ्या असा मोठा नजराणा दिला. सिकंदराने त्याला उलट एक हजार टॅलंट एवढी रक्कम बक्षीस दिली. टॅलंट हे वजनाचे व चलनाचे ग्रीक माप. एक टॅलंट म्हणजे सुमारे २६ किलो चांदी. या औदार्याने खुद्द ग्रीक सरदारांचे डोके फिरले, असे कर्टियस सांगतो. हजार टॅलंटांच्या लायकीचा माणूस आपल्या राजाला अखेर भारतात सापडला, असा टोमणा एका सरदाराने मेजवानीत मारला होता.

आंभीला ‘देशद्रोही’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. हा शब्द वापरण्यापूर्वी थोडे थांबावे. ज्याला आज आपण देश म्हणतो त्याची कल्पना तक्षशिला आणि झेलमपारचे राज्य यांच्या मनात एकत्र नांदत नव्हती. आंभीच्या दृष्टीने शत्रू शेजारी होता आणि परका मित्र ठरू शकत होता. त्याचा हिशेब अदूरदर्शी होता, हे खरे. पण तो हिशेब करणारा तो एकटा नव्हता, हे पुढे दिसेलच.

तक्षशिलेने दार उघडले; स्वातच्या खोऱ्यातील अश्वकायनांनी उघडले नाही. त्यांच्या मस्सग या नगराला सिकंदराने वेढा दिला. नगराच्या बाजूने लढण्यास दूरवरून आलेले सात हजार भाडोत्री भारतीय सैनिक होते. राजा पडल्यावर तह झाला आणि हे सैनिक नगराबाहेर येऊन एका टेकडीवर उतरले. त्या रात्री ग्रीक सेनेने त्यांना घेरून कापून काढले. एरियन लिहितो की ते पळून जाण्याच्या बेतात होते, म्हणून सिकंदराने तसे केले. डायोडोरस आणि प्लुटार्क यांचे म्हणणे वेगळे आहे. त्यांच्या मते दिलेला शब्द मोडून ही कत्तल झाली. प्लुटार्क तर हा सिकंदराच्या लष्करी कीर्तीवरील डाग असल्याचे स्पष्ट म्हणतो. पडलेल्या सैनिकांची शस्त्रे उचलून त्यांच्या बायका लढल्या, ही हकीकत डायोडोरसाने नोंदविली आहे. या स्त्रियांविषयी याहून अधिक एक अक्षरही कोठे नाही. पण जे आहे तेही शत्रूपक्षाच्या लेखकाने लिहिले, म्हणून त्याचे मोल वाढते.

पाठगत प्रश्न

(अ) सिकंदराच्या स्वारीची माहिती देणाऱ्या चार ग्रंथकारांची नावे सांगा.
(आ) मस्सग येथील घटनेबद्दल एरियन आणि प्लुटार्क यांच्या कथनांत कोणता फरक आहे? तो का पडला असावा?

झेलमची लढाई

इ.स.पू. ३२६ मध्ये सिकंदर झेलम नदीच्या पश्चिम तीरावर येऊन पोहोचला. संस्कृतात या नदीला वितस्ता म्हणतात. ग्रीक तिला हायडास्पेस म्हणत. पाऊस सुरू झाला होता आणि वर डोंगरातील बर्फ वितळून नदी फुगली होती. पलीकडच्या तीरावर पोरस आपल्या हत्तींसह उभा होता. ग्रीकांचे घोडे हत्तींच्या वासाला आणि आवाजाला बुजत, म्हणून समोरासमोर नदी उतरणे अशक्य होते.

सिकंदराने येथे बळापेक्षा फसवणुकीचा आधार घेतला. रोज रात्री त्याचे घोडदळ तीरावरून आरडाओरडा करीत वरखाली दौडे. पोरस दर वेळी हत्ती घेऊन आवाजाच्या दिशेने जाई आणि पलीकडे कोणीच उतरत नसे. काही रात्रींनंतर पोरसाने जाणे सोडून दिले. इकडे ग्रीक छावणीत धान्याचे ढीग रचले जात होते. पूर ओसरेपर्यंत राजा इथेच राहणार, अशी वावडी उठविली गेली होती. मग एका वादळी रात्री क्रॅटेरस या सेनापतीस मोठ्या छावणीत ठेवून सिकंदर निवडक सैन्यासह सुमारे २७ किलोमीटर वर गेला. सिंधूवर वापरलेल्या होड्या सुट्या करून तेथवर आणल्या होत्या. गडगडाटात त्या जोडण्याचा आवाज बुडून गेला. पहाटे सेना उतरली ती एका बेटावर. पुढचा प्रवाह माणसांनी छातीभर पाण्यातून पार केला.

या सैन्यात आंभीचे आणि आसपासच्या सरदारांचे मिळून पाच हजार भारतीय सैनिक सिकंदराबरोबर झेलमकाठी आले होते, असे एरियन सांगतो. शाळेतील गोष्टीत हा आकडा सहसा येत नाही. वास्तविक संपूर्ण लढाईचा अर्थ लावताना तो पहिल्या ओळीत यावयास हवा.

नदी उतरल्याची वार्ता कळताच पोरसाने आपल्या मुलाला रथ आणि घोडेस्वार देऊन पुढे पाठविले. पावसाने जमिनीचा चिखल झाला होता. रथ रुतले आणि राजपुत्र मारला गेला. मग पोरस स्वतः निघाला. क्रॅटेरसला रोखण्यासाठी थोडे हत्ती मागे ठेवून त्याने वाळूची, घट्ट जमीन निवडली, पुढे अंतराअंतरावर हत्ती उभे केले, त्यांच्या मागे पायदळ आणि दोन्ही बाजूंना घोडदळ व रथ मांडले. मांडणी चांगली होती. भारतीय धनुर्धारी माणसाएवढे उंच धनुष्य वापरीत. त्याचे टोक जमिनीवर टेकून डाव्या पायाने दाबीत आणि मग लांब बाण सोडीत. तो बाण ढाल आणि चिलखत दोन्ही भेदून जाई, असे एरियननेच लिहिले आहे. परंतु निसरड्या मातीत धनुष्य टेकावे कोठे, ही अडचण त्या दिवशी आली, अशी नोंद कर्टियस करतो.

सिकंदराने हत्तींच्या रांगेला समोरून हात घातला नाही. त्याने घोडदळाचा सारा भार एका टोकावर टाकला आणि दुसरी तुकडी वळसा घालून मागे पाठविली. भारतीय घोडदळ दोन्हीकडून दाबले जाऊन हत्तींच्या आश्रयास आले. हत्ती मध्ये कोंडले गेले. माहुतांना बाणांनी टिपल्यावर जखमी हत्ती आपले-परके न पाहता तुडवू लागले. ग्रीक मोकळ्या जागेत होते, म्हणून ते बाजूला होऊ शकले. पोरसाच्या पायदळाला तेवढी जागा नव्हती.

आता आकडे पाहा. पोरसाजवळ एरियनच्या मते २०० हत्ती व ३०,००० पायदळ होते. डायोडोरस हत्ती १३० आणि पायदळ ५०,००० सांगतो. कर्टियसच्या हिशेबी हत्ती अवघे ८५. प्लुटार्क पायदळ २०,००० वर आणतो. भारतीयांची हानी एरियन सुमारे २०,००० पायदळ व ३,००० घोडेस्वार इतकी देतो, तर डायोडोरस १२,००० हून अधिक मेले आणि ९,००० पकडले गेले असे म्हणतो. ग्रीकांकडील मृतांचा एरियनचा आकडा तीनशेच्या आसपास आहे. डायोडोरसचा जवळजवळ हजाराचा. एकाच दिवसाच्या, एकाच मैदानाच्या या संख्या आहेत. जिंकणाऱ्याची हानी नेहमी थोडी आणि हरणाऱ्याची अफाट, हा लढायांच्या वृत्तांतांचा जुना रिवाज आहे. आपल्याकडील बखरी वाचणाऱ्यांना तो परका वाटू नये.

संख्येबाबत विसंगत असलेले हे लेखक एका बाबतीत मात्र एकमत आहेत. पोरस पळाला नाही. इराणचा सम्राट दरायस सिकंदरासमोरून दोनदा पळाला होता. पोरस उजव्या खांद्याला जखम होऊनही हत्तीवरून लढत राहिला. शरण येण्यासाठी सिकंदराने प्रथम आंभीलाच पाठविले. जुन्या वैऱ्याला पाहताच पोरसाने त्याच्यावर भाला उगारला आणि आंभीने घोडा वळविला म्हणून तो वाचला. पुढे मेरोस नावाचा एक जुना स्नेही गेला, तेव्हा पोरस हत्तीवरून उतरला. आपणास राजासारखे वागवावे, हे त्याचे उत्तर सुप्रसिद्धच आहे. ते अक्षरशः असेच दिले गेले किंवा नाही, हे सांगता येणार नाही. सिकंदराने त्याचे राज्य परत दिले आणि त्यात भर घातली, एवढे निश्चित.

यामागे केवळ उदारपणा नसावा. जिंकलेला मुलूख सांभाळण्यास सिकंदराजवळ माणसे कमी होती आणि आंभी एकटाच प्रबळ होऊ देणेही त्याला परवडणारे नव्हते. याचा परिणाम लगेच दिसला. रावीपलीकडील कठांनी आपल्या सांगल नगराभोवती गाड्यांचे तिहेरी कडे करून सिकंदराला रोखले, तेव्हा उरलेले हत्ती आणि पाच हजार भारतीय सैनिक घेऊन सिकंदराच्या मदतीस आला तो पोरस होता. झेलमवर आंभीने जे केले तेच पोरसाने सांगलला केले.

बियासवरून माघार

बियासच्या तीरावर सैन्य अडले. घराबाहेर पडून आठ वर्षे झाली होती. सत्तर दिवस पाऊस कोसळत होता, असे डायोडोरस म्हणतो. घोड्यांचे खूर झिजले होते, हत्यारे निकामी झाली होती. पलीकडे गंगेच्या प्रदेशात नंद राजा दोन लाख पायदळ, वीस हजार घोडेस्वार, दोन हजार रथ आणि तीन ते सहा हजार हत्ती घेऊन बसला आहे, अशा वार्ता छावणीत फिरत होत्या. आकडे फुगविलेले असतील. पण दोनशे हत्तींनी जी गत केली ती ज्यांनी पाहिली, त्यांना हजारांचा उल्लेख पुरेसा होता. पोरसाशी झालेल्या झुंजीने मॅसिडोनियन सैनिकांची उमेद खचली, हे प्लुटार्कचे मत येथे महत्त्वाचे आहे. कोइनोस या वयस्कर सेनापतीने सर्वांच्या वतीने परत फिरण्याची विनंती केली. सिकंदर तीन दिवस तंबूत बसून राहिला. अखेर पुढे जाण्यास शकुन अनुकूल नाहीत, असे जाहीर करून त्याने बारा वेद्या उभारल्या आणि सेना मागे वळविली.

मालव आणि क्षुद्रक

परतीची वाट नदीमार्गे समुद्राकडे जाणारी होती. त्या वाटेवर, आजच्या मुलतानच्या आसपास, मालव आणि क्षुद्रक ही दोन गणराज्ये होती. त्यांना राजा नव्हता. कारभार गणाच्या सभेकडे असे. पाणिनीच्या व्याकरणात शस्त्रांवर उपजीविका करणाऱ्या संघांचा उल्लेख येतो आणि व्याकरणाच्या परंपरेत या दोन गणांच्या संयुक्त सेनेला ‘क्षौद्रकमालवी’ असा खास शब्द नोंदविलेला आहे. म्हणजे ही जोडी भारतीय परंपरेलाही ठाऊक होती. एकमेकांत विवाहसंबंध जोडून त्यांनी ऐक्य करण्याचे ठरविले होते, अशी हकीकत डायोडोरस देतो. पण सेनापती कोणी व्हावे यावरून बेबनाव झाला आणि प्रत्येकजण आपापल्या नगरात परतला.

सिकंदराने त्यांना एकत्र येण्यास वेळ दिला नाही. निर्जल माळरानातून रातोरात कूच करून तो मालवांवर येऊन पडला. शेतात काम करणारी माणसे निःशस्त्र असतानाच मारली गेली. एका नगरात लोकांनी स्वतःच घरे पेटविली आणि त्यांत ते जळून मेले. मुख्य किल्ल्याच्या तटावर सिकंदर स्वतः चढला, शिडी मोडली, आणि तो दोन-तीन सोबत्यांसह आत उडी घेऊन अडकला. एक लांब बाण चिलखत भेदून त्याच्या छातीत शिरला. राजा मेला, या समजुतीने पिसाळलेल्या सैन्याने किल्ल्यातील स्त्रिया आणि मुले यांनाही जिवंत ठेवले नाही. झेलमपेक्षा ही लढाई लहान होती. सिकंदर मरणाच्या सर्वांत जवळ गेला तो मात्र येथे, एका गणराज्याच्या तटाआड.

यानंतर दोन्ही गणांचे दूत तहासाठी आले. त्यांनी आणलेल्या भेटींची यादी कर्टियसने दिली आहे. तीत रथ, घोडेस्वार, तलम कापड, ढाली, माणसाळलेले सिंह व वाघ यांच्याबरोबर शंभर टॅलंट ‘पांढरे लोखंड’ आहे. हे उत्तम प्रतीचे पोलाद असावे, असे अनेक अभ्यासक समजतात. भिलाईच्या वाचकाला येथे हिशेब करण्याचा मोह व्हावा. शंभर टॅलंट म्हणजे सुमारे २,६०० किलो. दल्ली-राजहरा येथील खनिजापासून भिलाईच्या कारखान्यात जो रूळ तयार होतो त्याचे वजन मीटरला ६० किलो असते. तेव्हा मालव-क्षुद्रकांनी राजाला अर्पण केलेल्या पोलादातून जेमतेम ४३ मीटर रूळ निघेल. या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली आणि आता तेथून २६० मीटर लांबीचे रूळ बाहेर पडतात. परंतु मातीच्या लहान भट्ट्यांत, कोळसा आणि हाताचा भाता यांच्या बळावर लोखंड गाळावयाचे तर अडीच टन पोलाद ही सम्राटाला शोभणारी भेट होती. मध्य भारतातील अगरिया लोक तशाच भट्ट्या विसाव्या शतकातही चालवीत होते. त्यांचे श्रम ज्यांनी पाहिले त्यांना ही गोष्ट पटेल.

मालवांची कथा येथे संपत नाही. पुढील शतकांत ते दक्षिणेकडे सरकले आणि राजस्थानात आढळू लागले. तेथे सापडलेल्या त्यांच्या छोट्या तांब्याच्या नाण्यांवर मालवांचा जय असो, अशा अर्थाची अक्षरे आहेत. इ.स.पू. ५७ पासून मोजला जाणारा जो काल आज विक्रम संवत म्हणून प्रसिद्ध आहे, तो जुन्या शिलालेखांत मालवगणाचा काल म्हणून येतो. होळकर, शिंदे आणि पवार यांच्यामुळे मराठी माणसाच्या परिचयाचा झालेला माळवा हा प्रांत त्यांचेच नाव धारण करतो. मुलतानजवळ ज्यांचा निःपात झाल्याचे ग्रीक लेखक सांगतात, त्यांचे नाव असे नकाशावर आणि पंचांगात टिकून राहिले.

स्वारीनंतर

सिंधमध्ये मूषिकांचा राजा उठाव करून पकडला गेला आणि त्याला फाशी देण्यात आले. इ.स.पू. ३२५ मध्ये सिकंदर बलुचिस्तानच्या वाळवंटातून परतला. त्या वाटेवर त्याची पुष्कळ माणसे तहानेने मेली. इ.स.पू. ३२३ मध्ये बॅबिलोन येथे त्याचा मृत्यू झाला. पोरसाचा काही वर्षांनी एका ग्रीक अधिकाऱ्याने घात केला. पंजाबातील ग्रीक ठाणी उठली आणि चंद्रगुप्त मौर्याने तो प्रदेश आपल्या राज्यास जोडला. सिकंदराचा सेनापती सेल्यूकस पुढे चालून आला, तेव्हा त्याला चंद्रगुप्ताशी तह करून सिंधूपलीकडील मुलूख सोडावा लागला. बदल्यात त्याला पाचशे हत्ती मिळाले.

यवनांचे दुसरे येणे

सिकंदर गेला, पण ग्रीकांशी असलेला संबंध तुटला नाही. आयोनिया या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून इराणी भाषेत ‘यौन’ आणि संस्कृतात ‘यवन’ हा शब्द आला. सिकंदरानंतर दीडशे वर्षांनी बॅक्ट्रियाचे यवन राजे वायव्य भारतात राज्य करू लागले. तक्षशिलेच्या यवन राजाचा दूत हेलिओडोरस याने विदिशेजवळ वासुदेवाचा गरुडस्तंभ उभारला. तो आजही तेथे आहे.

महाराष्ट्रातील लेण्यांतही यवन भेटतात. कार्ले येथील चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्याने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. नाशिकच्या पांडवलेण्यांत उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त या यवनाने लेणे खोदविले. त्याच डोंगरातील दुसऱ्या लेखात गौतमीपुत्र सातकर्णीचा शक, यवन आणि पल्हव यांचा नाश करणारा म्हणून गौरव आहे. एकाच डोंगरात यवन दाता आहे आणि यवन शत्रूही आहे. मध्ययुगीन मराठी लेखनात हा शब्द मुसलमानांसाठी वापरला जाऊ लागला. जुना मजकूर वाचताना काळ पाहून अर्थ घ्यावा.

‘सिकंदर’ हे रूपही असेच घडले. अलेक्झांडर या नावातील आरंभीचे ‘अल्’ हे अरबांना आपल्या भाषेतील उपपद वाटले. ते गळून इस्कंदर, सिकंदर असे नाव झाले. ग्रीकांचे ‘द्राख्मे’ हे नाणे प्राकृत-संस्कृतात द्रम्म झाले. शिलाहार आणि यादव यांच्या लेखांत द्रम्म येतो आणि आपण अजूनही दाम मोजतो, दमडीला महाग होतो. वर्तुळाचे केंद्र ‘केंत्रॉन’वरून ज्योतिषाच्या ग्रंथांतून आले. नळी या अर्थाचा ग्रीक शब्द ‘सिरिंक्स’ संस्कृतात सुरुंगा झाला आणि किल्ल्याच्या तटाखाली पेरावयाचा मराठी सुरुंग त्यापासूनच निघाला. हे शब्द सिकंदराच्या सैन्याबरोबर आलेले नाहीत. ते पुढील काळातील व्यापारी, ज्योतिषी आणि कारागीर यांच्या तोंडून आले.

शब्दार्थ

अभिप्रेत – मनात असलेला. वावडी – खोटी बातमी. बेबनाव – बिघाड, भांडण. निःपात – संपूर्ण नाश. वेदी – यज्ञ किंवा पूजेसाठी बांधलेला ओटा. झोतभट्टी – गरम हवेचा झोत सोडून खनिजापासून लोखंड गाळण्याची उंच भट्टी.

स्वाध्याय

१. सिकंदराने झेलम नदी कशी ओलांडली, ते आपल्या शब्दांत आठ-दहा ओळींत लिहा.
२. आंभी आणि पोरस या दोघांनीही निरनिराळ्या वेळी सिकंदरास सैन्य पुरविले. दोघांच्या परिस्थितीत कोणते साम्य व कोणता फरक होता?
३. ‘दाम’ व ‘दमडी’ हे शब्द ज्यांत येतात असे दोन वाक्प्रचार किंवा म्हणी शोधून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. पोरसाच्या सैन्यातील एखादा माहूत लढाईनंतर घरी परतला आहे, अशी कल्पना करा. गावकऱ्यांना तो लढाईची हकीकत कशी सांगेल? पाठातील माहिती न सोडता दोन परिच्छेद लिहा.
५. आपल्या परिसरातील एखाद्या जुन्या संपाची, पुराची किंवा भांडणाची हकीकत दोन्ही बाजूंच्या माणसांकडून ऐका. दोन कथनांतील आकडे आणि नावे कोठे जुळतात व कोठे जुळत नाहीत, त्याची नोंद करा.